पाचव्या खुर्चीसाठी थांबलेलं बैरुत

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

बैरुतला मी दोह्यामार्गे गेले. लेबनॉनचं राजकारण ज्याने थोडंफार वाचलंय त्याला दोह्यात पाय ठेवला की २००८ साल आठवतंच. त्या मे महिन्यात बैरुतच्या गल्ल्यांत बंदुका निघाल्या होत्या, देशाला राष्ट्राध्यक्ष नव्हता आणि दीड वर्ष संसद भरलेली नव्हती. कतारने सगळ्या पुढाऱ्यांना दोह्यात बोलावून घेतलं आणि २१ मेला समझोता झाला. ३० मंत्री ठरले, त्यांतले १६ बहुमतवाल्यांचे, ११ विरोधकांचे आणि ३ राष्ट्राध्यक्षांचे. विरोधकांनी नेमका अकराचा हट्ट का धरला, हे उमगलं की तिथल्या सरकार स्थापनेचं निम्मं कोडं सुटतं. ते पुढे गुरुवारी येईल, कारण त्या दिवशी ते कोडं माझ्या डोळ्यांदेखत उलगडलं.

मी राज्यशास्त्र शिकवते. सत्तावाटपाचा विषय निघाला की लेबनॉनचं नाव वर्गात घ्यावंच लागतं आणि दरवेळी मला वाटायचं, आपण हे लांबून सांगतोय. बैरुतमधली माझी मैत्रीण कितीतरी वर्षं बोलावत होती. दोन वर्षांहून जास्त काळ रिकामं पडलेलं राष्ट्राध्यक्षपद ९ जानेवारीला भरलं, लष्करप्रमुख जोसेफ औन निवडून आले. १३ तारखेला १२८ पैकी ८४ खासदारांनी पंतप्रधानपदासाठी नवाफ सलाम यांचं नाव सांगितलं. तेव्हा ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष होते. मैत्रिणीचा फोन आला, "आता ये. पुढचं काही सांगता येत नाही." इस्रायलबरोबरची युद्धबंदी २७ नोव्हेंबरपासून लागू होती, तरी दक्षिणेत रोज काही ना काही घडत होतं. घरच्यांची समजूत घालताना नाकी नऊ आले.

विमानतळावरून शहरात येणारा रस्ता दाहियाच्या, म्हणजे बैरुतच्या दक्षिणेकडच्या शिया वस्तीच्या कडेने जातो. काही इमारतींचे मजले एकावर एक बसले होते आणि मधून कुणाच्या तरी पडद्याचं कापड बाहेर आलं होतं. शेजारच्याच इमारतीत तळमजल्यावर दुकान उघडं, संत्री रचून ठेवलेली. हिजबुल्ला या शिया सशस्त्र पक्षाचे प्रमुख हसन नसरल्लांची चित्रं जागोजागी होती. सप्टेंबरमध्ये ते मारले गेले, त्यांची अंत्ययात्रा २३ फेब्रुवारीला निघणार असं कालच जाहीर झालं होतं. टॅक्सीवाले काका एवढंच म्हणाले, "सरकार येऊ दे, मग मलबा उचलतील."

मैत्रीण बदारोमध्ये राहते. यादवीच्या काळात पूर्व आणि पश्चिम बैरुतला तोडणारी रेषा इथून फार लांब नव्हती. सरकारी वीज दिवसातून थोडे तास येते, बाकी वेळ गल्लीतल्या खासगी जनरेटरची जोडणी आणि छतावरचे सौर पॅनल. रात्री जेवताना टीव्ही चालूच. पडद्यावर २४ चौकोन होते, कुठे नाव, कुठे प्रश्नचिन्ह. १२ चौकोन ख्रिस्ती, १२ मुस्लिम. मुस्लिमांतले ५ सुन्नी, ५ शिया, २ द्रूझ (इस्लाममधून निघालेला वेगळा पंथ). ख्रिस्त्यांतही मॅरोनाइट, ग्रीक ऑर्थोडॉक्स, ग्रीक कॅथलिक, आर्मेनियन अशी वाटणी. कुणाला कोणतं खातं हा प्रश्न नंतरचा, आधी खुर्ची कोणत्या पंथाची ते ठरतं.

मी निघाले तेव्हा आपल्याकडे रायगड आणि नाशिकच्या पालकमंत्रीपदाला स्थगिती मिळाली होती आणि रस्सीखेच चालू होती. मैत्रिणीला ते सांगितलं. तिने लगेच विचारलं, "पण ते दावेदार कोणत्या पंथाचे, यावर अडलंय का?" नाही, म्हटलं. "मग तुमचं सुटेल," ती म्हणाली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी चालत शहराच्या मध्यभागी. हुतात्मा चौकातल्या पुतळ्यांना यादवीतल्या गोळ्यांची भोकं आहेत, ती बुजवलेली नाहीत. चौकाच्या एका बाजूला मोहम्मद अल-अमीन मशिदीचे निळे घुमट, तिच्या भिंतीला लागून मॅरोनाइटांचं सेंट जॉर्ज कॅथेड्रल. मशिदीशेजारी माजी पंतप्रधान रफिक हरिरींची कबर आहे. १४ तारखेला त्यांच्या हत्येला २० वर्षं होणार होती.

संसद तिथून जवळच, नेज्मेह चौकात. मी अडथळ्यांच्या अलीकडूनच घड्याळाचा मनोरा पाहिला. या इमारतीतल्या १२८ जागांची वाटणी मी वर्गात फळ्यावर लिहीत आले आहे: मॅरोनाइट ३४, ग्रीक ऑर्थोडॉक्स १४, ग्रीक कॅथलिक ८, आर्मेनियन ऑर्थोडॉक्स ५, आर्मेनियन कॅथलिक १, प्रोटेस्टंट १, इतर ख्रिस्ती अल्पसंख्य १. पलीकडे सुन्नी २७, शिया २७, द्रूझ ८, अलावी २. दोन्हीकडे बरोबर ६४. १९४३ च्या अलिखित समझोत्यात हे प्रमाण सहास पाच होतं, ख्रिस्ती सहा. पंधरा वर्षांच्या यादवीच्या अखेरीस १९८९ च्या ताइफ कराराने ते समसमान केलं. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा अध्यक्ष शिया, हा शिरस्ता मात्र तसाच राहिला.

आणि हे सगळं कुणाच्या किती लोकसंख्येवर उभं आहे? शेवटची जनगणना १९३२ सालची. त्यानंतर कुणी केलीच नाही, कारण खरे आकडे बाहेर आले तर कुणाची तरी खुर्ची हलणार. मोजदाद करायलाच भिणारा देश हे वाक्य मी विद्यार्थ्यांना अनेकदा ऐकवलं आहे. त्या अडथळ्यापाशी उभं राहिल्यावर ती भीती मला पहिल्यांदा माणसांची वाटली.

दुपारी मैत्रिणीच्या सासूबाईंबरोबर बँकेत. त्या निवृत्त शिक्षिका. २०१९ पासून लोकांच्या ठेवी अडकल्या आहेत, महिन्याला ठरावीक डॉलर मिळतात, तेही रांगेत उभं राहून. बँकेच्या दर्शनी काचेवर लोखंडी पत्रे ठोकलेले, आत जायला एक अरुंद दार. पूर्वी १,५०७ पौंडांना मिळणारा डॉलर आता ८९,५०० पौंडांना. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी एप्रिल २०२२ मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलरचा प्राथमिक करार झाला, त्याच्या अटी पुऱ्या करायला अधिकार असलेलं सरकारच नव्हतं. काळजीवाहू सरकारला नवे मोठे निर्णय घेता येत नाहीत. आजींनी नोटा मोजून पिशवीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवली, आणि माझेच पैसे मला हप्त्याने देतात."

बुधवार, ५ फेब्रुवारी

दिवसभर पाऊस. राष्ट्रीय संग्रहालय पाहून लवकर परतले, आणि बरं झालं, कारण संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या हज्जे भेटल्या.

त्या बिंत ज्बेल भागातल्या एका गावच्या. सप्टेंबरमध्ये गाव सोडलं, तेव्हापासून मुलाकडे राहतात. २६ जानेवारीला, युद्धबंदीची मूळ मुदत संपली त्या दिवशी, दक्षिणेतले लोक आपापल्या गावांकडे निघाले आणि इस्रायली सैनिकांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसं मेली. हज्जे त्या दिवशी अर्ध्या रस्त्यातून परतल्या. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि त्यात घराचा फोटो, म्हणजे घराच्या जागेचा. भिंत एकच उभी होती, तिच्यावर स्वयंपाकघरातली फळी आणि फळीवर झाताराची, म्हणजे तिथल्या घरोघरच्या मसाल्याची बरणी, शाबूत.

मी विचारलं, अर्थमंत्री शिया पंथाचाच हवा हा आग्रह तुम्हाला पटतो का? मला वाटलं होतं त्या 'राजकारण्यांचं राजकारण्यांना' म्हणतील. त्यांनी सरळ उत्तर दिलं. "सरकारी पैशाच्या कागदावर तीन सह्या लागतात. राष्ट्राध्यक्षाची, तो मॅरोनाइट. पंतप्रधानाची, तो सुन्नी. तिसरी अर्थमंत्र्याची. ती आमची नसेल तर माझ्या घराच्या कागदावर आमच्यापैकी कुणाचीच सही नाही."

मैत्रीण म्हणाली, "पण हज्जे, २०१४ पासून तिसरी सही तुमच्याचकडे आहे. वीज आली का? माझ्या सासूचे पैसे सुटले का?"

"नाही आले," हज्जे म्हणाल्या. "पण सरकार आमच्या गावात कधी आलं होतं? दवाखाना काढला आमच्या लोकांनी, शाळा काढली आमच्या लोकांनी. तुम्ही म्हणता त्यांना सोडा. सोडू. मग कोण येईल ते सांगा."

मैत्रीण १७ ऑक्टोबर २०१९ च्या आंदोलनात पहिल्या दिवसापासून रस्त्यावर होती. 'सगळे म्हणजे सगळे' जा, ही तिची घोषणा. हज्जेंच्या घरी मात्र 'आमच्या लोकां'चे फोटो भिंतीवर. दोघी एकाच जिन्याने रोज जातात-येतात, एकमेकींना दुखलं-खुपलं विचारतात, आणि या प्रश्नावर दोघींपैकी कुणीही तसूभर हलत नाही. मी मैत्रिणीच्या बाजूची आहे. तरी हज्जेंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या खोलीत देता आलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज सरकार येणार अशी हवा सकाळपासून होती. औन, सलाम आणि संसदेचे अध्यक्ष नबीह बेरी असे तिघं बाबदाच्या टेकडीवरच्या राष्ट्राध्यक्ष भवनात भेटणार. मी आणि मैत्रिणीची मुलगी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भट्टीवर गेलो, मनाकिश घ्यायला. भट्टीवाला पोळीवर झातार आणि तेल थापता थापता मान वर करून टीव्ही बघत होता. पडद्यावर भवनाचा दरवाजा, गाड्या, पुन्हा दरवाजा. मग मंत्रिमंडळाचे महासचिव भवनात पोहोचल्याची बातमी आली आणि रांगेतल्या माणसांत एकदम चैतन्य आलं. महासचिवांना बोलावणं म्हणजे आदेश टंकायची वेळ झाली, हे इथे शेंबडं पोरही जाणतं.

आदेश निघालाच नाही. बेरी पत्रकारांशी न बोलता गेले. घोडं अडलं होतं पाचव्या शिया मंत्र्यावर. चार नावं बेरींचा अमल पक्ष आणि हिजबुल्ला या शिया जोडीच्या संमतीने ठरली होती, अर्थखातं यासीन जाबेर यांच्याकडे जाणार हेही. पाचव्या खुर्चीसाठी सलाम यांनी सुचवलेलं नाव बेरींना मान्य नव्हतं. भट्टीवाल्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. २४ पैकी २३ ठरले, एकासाठी एवढं ताणायचं? पण इथे सगळं त्या एकावरच असतं.

लेबनॉनच्या राज्यघटनेचं ६९ वं कलम सांगतं की एक तृतीयांशाहून जास्त मंत्री गेले की सरकार पडलं. ३० जणांच्या मंत्रिमंडळात त्यासाठी ११ राजीनामे लागतात. दोह्यात विरोधकांनी अकराचा आकडा धरून ठेवला तो यासाठी. पुढे रफिक हरिरींचे पुत्र साद हरिरींच्या सरकारात हा आकडा उघडपणे दिला नव्हता, विरोधकांचे १० मंत्री होते. १२ जानेवारी २०११ ला ते १० बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर अकरावा पडला. तो होता राष्ट्राध्यक्षांच्या वाट्यातला, तटस्थ समजला गेलेला शिया मंत्री. हरिरी त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये ओबामांना भेटत होते. आत गेले ते पंतप्रधान म्हणून आणि बाहेर आले ते काळजीवाहू म्हणून.

आताचं मंत्रिमंडळ २४ जणांचं, म्हणजे पाडायला ९ लागतात. तेवढे या जोडीकडे नव्हते आणि सलाम यांनी तृतीयांशाचा नकाराधिकार कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं होतं. पण दुसरी एक चावी आहे आणि ती घटनेच्या कलमापेक्षा जड आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये पंतप्रधान फौआद सिनिओरांच्या मंत्रिमंडळातल्या पाचही शिया मंत्र्यांनी राजीनामे दिले. आकड्यांनी सरकार पडलं नाही. पण घटनेच्या प्रस्तावनेत लिहिलंय की सहजीवनाच्या कराराला छेद देणाऱ्या सत्तेला वैधता नाही. त्याचा आधार घेऊन बेरींनी सरकारच घटनाबाह्य ठरवलं आणि संसद बोलावली नाही. डिसेंबरमध्ये विरोधकांनी शहराच्या मध्यभागी तंबू ठोकले, ते दोह्याचा समझोता होईपर्यंत उठले नाहीत. म्हणजे एका पंथाचे सगळेच्या सगळे मंत्री एका गोटातले असले, की त्यांचं उठून जाणं आख्ख्या राज्याला टाळं लावू शकतं. पाचांपैकी एक जरी बाहेरचा असला तरी ते टाळं लागत नाही. बेरी आणि सलाम दोघेही अडून बसले, कारण दोघांनाही या खुर्चीची किंमत पुरेपूर ठाऊक होती. चर्चेचं हे गुऱ्हाळ खातं मलईदार की कोरडं यासाठी नव्हतं. एखाद्या पंथाच्या नावाने बोलायचा मक्ता एका गोटाकडे राहणार का, हा वाद होता, आणि म्हणून मला त्या संध्याकाळी सलाम यांच्या अडून बसण्याचं मोल वाटलं.

घरी मैत्रीण तारखा मोजत होती. माजी पंतप्रधान तम्माम सलाम यांना २०१३-१४ मध्ये सरकार बनवायला दहा महिने लागले होते, साद हरिरींना २०१८-१९ मध्ये आठ. ४ ऑगस्ट २०२० ला बंदरात स्फोट झाला, दोनशेहून जास्त माणसं गेली, निम्मं शहर विस्कटलं, सहा दिवसांनी सरकारने राजीनामा दिला. नवं सरकार आलं १० सप्टेंबर २०२१ ला. तेरा महिने. त्या स्फोटात तिच्या घराची सगळी तावदानं फुटली होती. "तेरा महिने आम्ही काचा आमच्या आम्हीच वेचल्या," ती म्हणाली, "आणि ते खुर्च्या मोजत होते."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सकाळी शूफच्या डोंगरात देर अल-कमरकडे निघालो. गाडीत रेडिओवर बातमी: अमेरिकेच्या दूत मॉर्गन ऑर्टेगस बाबदात औन यांना भेटल्या, आणि हिजबुल्ला सरकारात असणं ही आमच्यासाठी लक्ष्मणरेषा आहे असं भवनाच्या व्यासपीठावरूनच सांगून गेल्या. हिजबुल्लाला हरवल्याबद्दल इस्रायलचे आभारही मानले. काही वेळात भवनाकडून खुलासा आला की त्यातलं काही त्यांचं वैयक्तिक मत आहे, भवनाचा त्याच्याशी संबंध नाही. हिजबुल्ला सरकारात नको असं माझ्या मैत्रिणीचंही मत आहे. तरी तिने रेडिओ बंद केला. "हे मी म्हणायचं आहे," ती म्हणाली. "तिने म्हटलं की उद्या मी म्हटलेलंही तिचंच ठरतं."

देर अल-कमर हे मधाच्या रंगाच्या दगडांचं गाव. चौकात १४९३ ची जुनी मशीद, वर मेरीमातेचं चर्च. जून १८६० मध्ये द्रूझ आणि मॅरोनाइटांच्या लढाईत इथल्या ख्रिस्ती पुरुषांची कत्तल झाली. फ्रेंच फौजा उतरल्या, युरोपातल्या सत्ता आणि ऑटोमन यांनी बसून डोंगराचा कारभार नव्याने मांडला. १८६४ च्या नियमावलीत कारभारी मंडळाच्या १२ जागा आहेत: मॅरोनाइट ४, द्रूझ ३, ग्रीक ऑर्थोडॉक्स २, आणि ग्रीक कॅथलिक, शिया, सुन्नी प्रत्येकी १. पुन्हा रक्त सांडू नये म्हणून केलेली ती वाटणी. समोरच्या टेकडीवर बैतेद्दीनचा राजवाडा दिसतो, तिथून हा कारभार चाले. सोमवारी टीव्हीवर पाहिलेल्या २४ चौकोनांची मुळं इतकी खोल आहेत.

वाटणीने रक्त थांबलं का? काही काळ थांबलं. १९८३ मध्ये याच डोंगरात पुन्हा तेच झालं, आणि मॅरोनाइट धर्मगुरू व द्रूझ नेते जुम्बलात यांची दिलजमाई व्हायला २००१ साल उजाडलं. चौकातल्या कारंज्याजवळ एक म्हातारे गृहस्थ आम्हाला कॉफी घ्याच म्हणून आग्रह करत होते. मैत्रिणीने त्यांना नाव विचारलं नाही. नावावरून पंथ कळतो, आणि तो कळला की बोलणं बदलतं, असं ती गाडीत म्हणाली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुपारी तिघं पुन्हा बाबदात. या वेळी आदेश निघाला.

पाचवी खुर्ची फादी मक्की यांना, प्रशासकीय सुधारणांचं खातं. दोन्ही बाजूंना चालणारं नाव निघालं. अर्थखातं यासीन जाबेर यांच्याकडेच. परराष्ट्र खातं लेबनीज फोर्सेस या ख्रिस्ती पक्षाने सुचवलेल्या युसेफ रज्जींना. माजी राष्ट्राध्यक्ष मिशेल औन यांच्या पक्षाला एकही मंत्रिपद नाही. पाच महिला मंत्री. सलाम यांनी या सरकारला सुधारणा आणि बचावाचं सरकार म्हटलं. नेमणुकीपासून चार आठवड्यांच्या आत सरकार, ही इथल्या मानाने फारच मोठी गोष्ट. मैत्रीण उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि मलाही भरून आलं.

मैत्रिणीची मुलगी सतरा वर्षांची आहे, मला 'तांत' म्हणते. तिची आई जन्माने सुन्नी, वडील ग्रीक ऑर्थोडॉक्स. देशात नागरी विवाहाची सोय नसल्याने दोघांनी सायप्रसला जाऊन लग्न केलं. तिकडचं लग्न इथे नोंदवून घेतात. मुलीची नोंद वडिलांच्या पंथात आणि वडिलांच्या गावात. एकविसाव्या वर्षी मत द्यायला ती त्या गावी जाणार, जिथे ती कधी राहिलेली नाही. यादी ऐकताना उपपंतप्रधान तारेक मित्रींचं नाव आलं तशी ती म्हणाली, "तांत, ही माझी खुर्ची. उपपंतप्रधान ऑर्थोडॉक्स असतो. मी याच्यापुढे जाऊच शकत नाही." तक्रारीचा सूर नव्हता, घराचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. मला ते ऐकून फार वाईट वाटलं.

तिला पर्यावरणशास्त्र शिकायचं आहे, जंगलखात्यात जायचं आहे. मग तिच्या आजीने वनरक्षकांची गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी सरकारी परीक्षा झाली, मुलं गुणवत्तेवर पास झाली, पण उत्तीर्णांत मुस्लिम जास्त आणि ख्रिस्ती कमी म्हणून नेमणुकांचा आदेशच अडवून ठेवला. वरिष्ठ पदं सोडली तर नोकरीत पंथ पाहायचा नाही असं घटनेचं ९५ वं कलम सांगतं, तरीही. परीक्षा पास होऊन नियुक्तीपत्राची वाट पाहणारी मुलं मी पुण्यात रोज बघते. ती आयोगाला, सरकारला जाब विचारतात. या वनरक्षकांनी जाब विचारायचा तर कुणाला? गुणवत्ता सिद्ध करूनही चुकीच्या बाजूला जास्त जन्मलो, एवढाच त्यांचा गुन्हा.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज मॅरोनाइटांच्या संत मारूनचा दिवस, दुकानं बंद. सकाळी निवांत बोलणं झालं. ९५ वं कलम पंथनिहाय राजकारण टप्प्याटप्प्याने संपवण्यासाठी राष्ट्रीय समिती नेमायला सांगतं. २२ वं कलम म्हणतं की पंथाच्या बंधनाशिवाय पहिली संसद निवडून आली की सगळ्या पंथांसाठी वेगळं वरिष्ठ सभागृह असेल. ताइफला पस्तीस वर्षं उलटली, ही कलमं भिजत घोंगड्यासारखी पडून आहेत. मैत्रीण म्हणते, याच सरकारने ती समिती नेमावी. सासूबाई नाही म्हणतात. "मोजणी झाली की आम्ही किती उरलो ते सगळ्यांना दिसेल. मग आम्हाला कोण विचारणार?" त्यांना सुनेचा पंथ कधी खुपला नाही, नातीवर जीव टाकतात, पण ६४ मधला एकही आकडा कमी करायला त्या तयार नाहीत. हज्जेंना सही सोडायची नाही आणि आजींना आकडा. दोघींच्या भीतीला इतिहास आहे, तो मी शुक्रवारी पाहून आले होते.

माझं मत मी त्यांना सांगितलं: भीतीला आधी वरिष्ठ सभागृहात सुरक्षित जागा द्या, तिथे पंथांना नकाराधिकारही द्या, आणि मग रोजचं सरकार खुर्च्यांच्या हिशेबातून मोकळं करा. क्रम उलटा झाला तर कुणीच मानणार नाही. आजी म्हणाल्या, "आधी माझे बँकेतले पैसे. ते मिळाले तर तुमच्या सभागृहावर विश्वास ठेवीन." संध्याकाळच्या विमानाने निघाले.

पुढचं मैत्रिणीकडून कळत गेलं. १८ फेब्रुवारीला इस्रायली फौजा पाच टेकड्या वगळून मागे गेल्या आणि हज्जे गावी पोहोचल्या. २६ तारखेला सलाम सरकारने ९५ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. हिजबुल्लाच्या खासदारांनीही बाजूने मत दिलं. मे महिन्यात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, नऊ वर्षांनी. बैरुतच्या पालिकेत २४ जागा, तिथे कायद्याने पंथांचा कोटा नाही. खुल्या मतदानात ख्रिस्ती कमी निवडून येतील या भीतीने लेबनीज फोर्सेस आणि हिजबुल्ला यांच्यासारखे हाडवैरी एकाच यादीत आले आणि त्या यादीने २३ जागा जिंकल्या. माझी मैत्रीण सुधारणावाद्यांच्या यादीला मत देऊन आली होती. हरल्याचं दुःख होतंच, पण निम्मे-निम्मे निवडून आले नसते तर सासूबाई रात्रभर झोपल्या नसत्या, हेही तिनेच सांगितलं.

हज्जेंच्या घराचा पंचनामा झाला आहे. भरपाई मंजूर होऊन कागद अर्थखात्यात गेला की ती तिसरी सही लागेल.